जी राख पाइप खाते तीच राख रेझिनमध्ये कशाला घालतात?

कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, यातल्या कुठल्याही थर्मल प्लांटमध्ये मेंटेनन्सला काम केलेल्या माणसाला राखेच्या लाइनबद्दल विचारून बघा, तो आधी एक उसासा टाकेल आणि मग बोलेल. आपल्याकडच्या कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के असते, म्हणजे दोन गाड्या कोळसा जाळला की जवळपास पाऊण गाडी राख उरणार, आणि ती पाण्यात कालवून नाहीतर हवेच्या झोतानं पाइपातून ढकलत न्यायची असते. पाइप सरळ आहे तोपर्यंत ठीक, खालची बाजू हळूहळू झिजते म्हणून मधूनमधून पाइप फिरवून लावतात की झालं. पण बेंड आला की बाहेरच्या वळणावर पत्रा पातळ होत होत एक दिवस भोक पडतंच. म्हणून तर बऱ्याच ठिकाणी आत बसाल्टचं अस्तर असलेले पाइप वापरतात, बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या जातीचा तीच जात, फक्त वितळवून साच्यात ओतलेला.

आता गंमत अशी की ह्याच राखेची पोती कंपोझिटच्या (म्हणजे धागे आणि प्लास्टिक मिळून केलेल्या मालाच्या) लॅबमध्ये पण सापडतात, आणि तिथं ती कशाला आणलीये तर म्हणे फायबरचा माल झिजू नये म्हणून रेझिनमध्ये मिसळायला. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं कोणीतरी चेष्टा करतंय. पण चेष्टा नाही, आणि हे का चालतं आणि कधी चालत नाही हे समजलं की ह्या विषयातलं निम्मंअधिक समजलं असं माझं मत आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

आधी माल कसला ते. आपण ज्याला नुसतं "फायबर" म्हणतो ते म्हणजे एफआरपी, फायबर रिइन्फोर्स्ड प्लास्टिक, त्यात दोन गोष्टी असतात, एक धागे आणि दुसरं त्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक. धागे बहुतेक वेळा काचेचे, महाग कामाला कार्बनचे, कधी केव्हलार, आणि हल्ली संशोधनात ज्यूट, बांबू, घायपात, काथ्या असले नैसर्गिक पण. धरून ठेवणारं प्लास्टिक म्हणजे पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर नाहीतर इपॉक्सी रेझिन. कोकणातल्या आणि गोव्यातल्या फायबरच्या होड्या, केमिकल कंपनीतल्या टाक्या, कूलिंग टॉवरचे पंखे, पवनचक्कीची पाती, सगळं ह्याच कुटुंबातलं. वजनाला हलकं, गंजत नाही, हवा तो आकार देता येतो, त्यामुळे लोखंडाच्या जागी सर्रास वापरतात.

फक्त एका बाबतीत हा माल लोखंडापुढे कच्चा पडतो. वारा, पाणी, वाफ कशाच्याही सोबत बारीक कण उडत येऊन आदळायला लागले की एफआरपी बऱ्याच धातूंपेक्षा लवकर खरवडून निघतो. ह्याला इरोजन म्हणतात. दोन गोष्टी एकमेकांवर दाबून घासल्या की होते ती झीज वेगळी, ती अ‍ॅब्रेजन, इथं कण मोकळे असतात, वेगानं येतात, आदळतात आणि निघून जातात. लोक ह्या दोन्हीत गोंधळ करतात आणि मग घासण्याच्या टेस्टमध्ये पास झालेला माल उडत्या वाळूच्या जागी लावतात, आणि सहा महिन्यांनी सप्लायरशी भांडतात.

एक कण किती नुकसान करणार? जवळजवळ काहीच नाही. २०० मायक्रॉनचा म्हणजे ०.२ मिलिमीटरचा वाळूचा दाणा घ्या, त्याचं वजन भरतं मिलिग्रॅमचा साधारण शंभरावा भाग. पण एक किलो वाळूत असे जवळपास ९ कोटी दाणे येतात, हिशोब करून बघा. प्रत्येकानं नजरेला न दिसणारा एक कपचा उडवला तरी काय होईल ते बेंडवरच्या भोकात दिसतंच.

आणि खरा घोळ वेगाचा आहे. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते हे शाळेत शिकलेलो असतो, पण झीज त्याहून जास्त वेगानं वाढते. धातूंत वेगाचा घातांक साधारण २ ते अडीच, आणि एफआरपीत मटेरियलप्रमाणे तो ३, ४, कधीकधी ५ पर्यंत पण मोजलेला आहे. म्हणजे वेग दुप्पट केला तर घातांक अडीच धरला तरी झीज साडेपाच पटीच्या वर जाते, ३ धरला तर ८ पट आणि ४ धरला तर १६ पट. त्यामुळे कोणी म्हणालं "आम्ही फ्लो थोडासा वाढवलाय फक्त" तर त्या थोड्याशाची किंमत लाइनवर दिसणार हे नक्की.

वेगानंतर येतो कोन, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. कण पृष्ठभागावर कसा येतोय, सरळ समोरून म्हणजे ९० अंशात, की चाटून जाणारा म्हणजे १५-२०-३० अंशात. १९६० साली इयन फिनी ह्यांनी धातूंसाठी जे गणित मांडलं त्यात कणाला एक छोटं कटिंग टूल धरलं होतं, लेथवरच्या टूलसारखं, चाटून जाताना ते मऊ धातूचा बारीक छिलका काढून नेतं. म्हणून मऊ आणि लवचिक मटेरियलची झीज १५ ते ३० अंशात सगळ्यात जास्त. त्या गणितानं ९० अंशात झीज शून्य यायला हवी, प्रत्यक्षात ती येत नाही, आणि ती उणीव १९६३ मध्ये बिटर ह्यांनी भरून काढली, समोरून ठोके खाऊन खाऊन पृष्ठभाग थकतो, तडकतो आणि निघतो हा भाग त्यांनी जोडला. ठिसूळ मटेरियल म्हणजे काच, सिरॅमिक ह्यांचं नेमकं उलटं असतं, चाटून जाणारा कण त्यांचं फार वाकडं करू शकत नाही, पण समोरून बसलेला ठोका तडे पाडतो, आणि झीज ९० अंशात सर्वात जास्त.

ह्यातून एक अशी गोष्ट निघते जी खाणीतल्या आणि प्लांटमधल्या जुन्या फोरमनना पुस्तक न वाचता माहीत असते. जिथं माल वरून धबाधबा सरळ पडतो तिथं रबराचं अस्तर लावायचं, आणि जिथं माल घसरत, चाटत जातो तिथं सिरॅमिकच्या टाइल्स नाहीतर बसाल्ट. रबर मऊ आहे, बोटानं दाबलं तर दबतं, तरी समोरून येणाऱ्या दगडापुढे ते टाइलपेक्षा जास्त टिकतं, कारण ते दबतं, ऊर्जा गिळतं आणि परत उसळतं, तडा जायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे "जितकं कडक तितकं टिकाऊ" हे वाक्य इरोजनमध्ये अर्धंच खरं आहे, आणि फिलरच्या (रेझिनमध्ये मिसळायच्या पुडीच्या) बाबतीत नव्वद टक्के गैरसमज ह्या अर्ध्या खऱ्या वाक्यातूनच येतात.

मग एफआरपी कुठल्या पार्टीत? मधल्या. साधं काच-इपॉक्सी घेतलं तर सर्वात जास्त झीज बरेचदा ४५ ते ६० अंशात मिळते, म्हणून त्याला सेमी-डक्टाइल म्हणतात, अर्धा लवचिक अर्धा ठिसूळ. प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईईके (PEEK) सारखं थर्मोप्लास्टिक म्हणजे तापवलं की मऊ होणारं असेल तर वागणूक लवचिककडे झुकते, रेझिन कडक सेट होणारं असेल आणि काच भरपूर असेल तर ठिसूळकडे. त्यात धागे कुठल्या दिशेला आहेत, विणलेलं कापड आहे की चॉप स्ट्रँड मॅट म्हणजे तुकडे केलेल्या धाग्यांची चटई, ह्यावर पण आकडा हलतो.

आत काय घडतं ते मायक्रोस्कोपखाली छान दिसतं. सुरुवातीला कण वरचा रेझिनचा थर उडवतात, तो मऊ असतो आणि पातळ असतो. मग धागे उघडे पडतात. धाग्याच्या आजूबाजूचं आणि खालचं रेझिन निघालं की त्याला आधार उरत नाही, पुढचा कण बसला की तो वाकतो, आणि काच वाकणं सहन करत नाही, तुकडा पडतो. तुकडा निघाला की खालचं नवीन रेझिन उघडं, परत पहिल्यापासून. म्हणजे धागा स्वतः झिजून संपतो असं क्वचितच, बहुतेक वेळा तो आधार गेल्यामुळे तुटतो. ही ओळ लक्षात ठेवा, कारण फिलर घालायचा तो आधार टिकवायला, धागा वाचवायला.

मऊ थर्मोप्लास्टिकमध्ये अजून एक विचित्र प्रकार होतो, टेस्टच्या सुरुवातीला नमुन्याचं वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, कारण कण आत रुतून बसतात. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी वजनकाटा बिघडला समजतो.

आता फिलर. फिलर म्हणजे रेझिनमध्ये मिसळलेली बारीक पूड. आपल्याकडच्या साध्या एफआरपी वर्कशॉपमध्ये पण फिलर असतोच, कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच्या जातीची पावडर नाहीतर टाल्क, पण तो रेझिन वाचवायला, कारण रेझिन महाग आणि पावडर स्वस्त. त्याचा झिजेशी काही संबंध नाही, उलट खडूतल्या कॅल्साइटचा कडकपणा मोह्जच्या स्केलवर (खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये सांगणारं माप) ३ आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. तेव्हा सप्लायर म्हणाला "साहेब फिलर घातलाय" तर पुढचा प्रश्न लगेच यायला पाहिजे की कुठला आणि कशासाठी. झिजेसाठी घालतात ते म्हणजे अ‍ॅल्युमिना, जो मोह्जवर ९, सिलिकॉन कार्बाइड, जो त्याच्याही वर, टायटॅनियमची ऑक्साइडं-कार्बाइडं, सिलिका, आणि मग आपली फ्लाय अ‍ॅश म्हणजे हीच थर्मलची राख, रेड मड वगैरे.

हा फिलर करतो काय? तर एक म्हणजे येणाऱ्या कणाला मऊ रेझिनऐवजी मध्ये मध्ये कडक दाणा लागतो, कणाचं टोक आत शिरून छिलका काढायच्या आधीच अडतं, आणि येणारा कण समोरच्यापेक्षा कडक नसेल तर त्याचंच टोक बोथट होतं. दुसरं म्हणजे रेझिनमध्ये बारीक तडा निघाला की तो सरळ पळत सुटतो, वाटेत दाणा आला की त्याला वळसा घालावा लागतो, वळसा घालताना ऊर्जा खर्च होते, तडा लहान राहतो. तिसरं, पूड घातल्यावर रेझिन एकूणच ताठ होतं त्यामुळे धाग्याला खालून मिळणारा आधार चांगला राहतो. ग्रॅफाइटसारखा निसरडा फिलर मात्र घासण्याच्या कामाला भारी, आदळण्याच्या कामाला त्याचा तसा फायदा मिळेलच असं अजिबात नाही.

पण हे सगळं एका अटीवर, दाणा रेझिनला घट्ट चिकटलेला पाहिजे. चिक्कीत गुळाचा पाक नीट आला नसेल तर शेंगदाणे नुसत्या नखानं सुटून येतात आणि मागे खड्डा राहतो, तसंच इथं होतं. सिलिकॉन कार्बाइडचा दाणा कितीही कडक असू दे, तो रेझिनला धरून नसेल तर पहिल्या काही ठोक्यांत अख्खाच्या अख्खा उखडतो, खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या काठापासून तडे सुरू. म्हणजे फिलर घालून झीज वाढली. असं होतं, आणि बऱ्यापैकी होतं.

म्हणून सिलेन नावाचं केमिकल लावतात. त्याच्या रेणूचं एक टोक काचेला किंवा सिलिकाला पकडतं आणि दुसरं टोक रेझिनशी रिअ‍ॅक्शन करतं, मध्ये पक्की गाठ. काचेचे धागे कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्यावर हे असलं काहीतरी आधीच लावलेलं असतं, त्याला सायझिंग म्हणतात. पण पोत्यातून आलेल्या पावडरवर ते नसतं, आणि लोक नेमकं तिथंच विसरतात, किंवा खर्च वाचवतात. शिवाय पावडर दमट असेल तर आणखीनच वाट, ओव्हनमध्ये वाळवून घेतल्याशिवाय घालूच नये, पावसाळ्यात कोकणात तर नकोच नको.

दुसरी अट प्रमाणाची. १० टक्क्यांनी फायदा झाला म्हणून ३० टक्के घातला तर तिप्पट फायदा होईल असं वाटतं, होत नाही. पूड वाढली की रेझिन घट्ट होतं, रोलर फिरवून फिरवून हात दुखतो तरी ते धाग्यांच्या मध्ये उतरत नाही, हवेचे बुडबुडे अडकून बसतात, हँड ले-अपमध्ये म्हणजे हातानं थर लावायच्या पद्धतीत तर हमखास. पूड बारीक असेल, विशेषतः नॅनो, तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि गोळ्याच्या आतपर्यंत रेझिन पोचतच नाही. जड पूड असेल तर रेझिन आळून जेल व्हायच्या आधी तळाशी बसते, म्हणजे एका बाजूला पूड जास्त आणि दुसऱ्या बाजूला नुसतं रेझिन, आणि वाळू नेमकी कुठल्या बाजूला लागणारे हे कोणी विचारलेलंच नसतं. थोडक्यात एका मर्यादेपर्यंत झीज कमी होत जाते आणि त्यापुढे परत वाढायला लागते, ती मर्यादा प्रत्येक जोडीची वेगळी. आत किती हवा अडकलीये ते कळायची सोपी युक्ती आहे, घटकांच्या घनतेवरून हिशोबानं घनता काढायची आणि प्रत्यक्ष नमुन्याची मोजायची, हिशोबापेक्षा प्रत्यक्ष घनता जितकी कमी तितकी पोकळी.

प्रमाणाबद्दल अजून एक, कारण इथं भलेभले चुकतात. "१० टक्के फिलर" म्हणजे वजनानं की आकारमानानं? इपॉक्सीची घनता १.१५ च्या आसपास धरा आणि सिलिकॉन कार्बाइडची ३.२, तर वजनानं १० टक्के सिलिकॉन कार्बाइड म्हणजे आकारमानानं जेमतेम ४ टक्के. आता त्याच १० टक्के वजनाचे सेनोस्फिअर म्हणजे राखेतले पोकळ गोळे घाला, ज्यांची घनता ०.६ वगैरे असते, तर ते आकारमानानं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातात. कण आदळताना वजन बघून आदळत नाही, पृष्ठभागावर किती जागा दाण्यानं व्यापलीये ते त्याला लागतं. त्यामुळे दोन फिलरची वजनाच्या टक्क्यानं तुलना केलेला तक्ता दिसला की आधी कागद-पेन घेऊन तो आकारमानात बदलून घ्यायचा, मगच कोण जिंकलं ते ठरवायचं.

सेनोस्फिअर काय ते पण सांगतो, राखेच्या तळ्यात पाण्यावर तरंगणारे पोकळ बारीक गोळे, राखेचाच भाग, पण आत पोकळ असल्यामुळे वर येतात आणि ते गोळा करून चांगल्या भावानं विकले जातात. माल हलका हवा असेल तिथं ते कामाला येतात.

आता राखेच्या कोड्याकडे या. फ्लाय अ‍ॅशचे दाणे बहुतांशी गोल, काचेसारखे, आत क्वार्ट्झ आणि मुलाइटचे स्फटिक, रासायनिक दृष्ट्या मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, थोडं आयर्न ऑक्साइड. पाइपात ती मारते कारण तिच्याकडे वेग आहे आणि तिच्यातले क्वार्ट्झचे टोकदार दाणे कडक आहेत. टोकदार कण गोल कणापेक्षा कित्येक पट जास्त झीज करतो हे आता पक्कं माहीत आहे. रेझिनमध्ये तोच दाणा बसून राहिलेला असतो, त्याच्याकडे वेग नाही, तो फक्त मार खाणारा, आणि मार खायला कडकपणा कामी येतो. शिवाय गोल असल्यामुळे रेझिन फार घट्ट होत नाही, टोकदार पुडीपेक्षा जास्त प्रमाणात मिसळता येते, आणि गोल दाण्याभोवती ताण एका टोकाला साचत नाही. आणि किंमत? प्लांटवाले कोणी ती घेऊन जावी म्हणून वाट बघत असतात. सिलिकॉन कार्बाइडशी कडकपणात तिची बरोबरी नाही, पण रुपयाला किती फायदा हे बघितलं तर राख बऱ्याचदा शहाणा सौदा ठरते.

रेड मडचं तसंच. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढला की जो लाल चिखल उरतो तो, एक टन अ‍ॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. ओडिशात दामनजोडीला नाल्कोची रिफायनरी आहे तिथं, आपल्या जवळ बेळगावला हिंडाल्कोची आहे तिथं, ह्याचे डोंगर साठवायचे कसे हा मोठा प्रश्न आहे. त्यात आयर्न ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना, टायटॅनिया, सिलिका सगळं असतं, म्हणजे कडक ऑक्साइडांची तयार मिसळ. राउरकेलाच्या एनआयटीत रेड मड, फ्लाय अ‍ॅश, सेनोस्फिअर असल्या टाकाऊ मालाचे फिलर करून इरोजन मोजण्याचं बरंच काम झालंय आणि त्यामुळे ह्या विषयात भारतातून येणारे पेपर पुष्कळ दिसतात. फक्त रेड मडमध्ये कॉस्टिक सोडा उरलेला असतो, तो धुवून काढल्याशिवाय रेड मड वापरायचं नसतं.

मोजतात कसं? एअर जेटनं. एएसटीएम जी ७६ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात दीड मिलिमीटर भोकाच्या नॉझलमधून हवेच्या झोतानं ५० मायक्रॉनचे टोकदार अ‍ॅल्युमिनाचे कण ३० मीटर पर सेकंद वेगानं, मिनिटाला २ ग्रॅम ह्या हिशोबानं, १० मिलिमीटरवर ठेवलेल्या नमुन्यावर समोरून मारायचे, आणि मधूनमधून नमुना साफ करून वजन करायचं. किती ग्रॅम कण मारले आणि त्यामुळे नमुन्याचं किती ग्रॅम वजन गेलं, ह्या दोन्हीचा भागाकार म्हणजे इरोजन रेट. कणांचा वेग मोजायला एकाच शाफ्टवर फिरणाऱ्या दोन चकत्या वापरतात, पहिलीच्या फटीतून गेलेला कण दुसरीवर किती पुढे जाऊन ठसा उमटवतो त्यावरून वेग निघतो, फार हुशारीची आणि स्वस्त युक्ती आहे ही.

एक सावधगिरी इथं पण. रेट ग्रॅममध्ये मिळतो, आणि जड मटेरियल आणि हलकं मटेरियल ह्यांची ग्रॅममध्ये तुलना केली तर फसवणूक होते. पाइपाची भिंत ग्रॅममध्ये संपत नाही, जाडीत संपते. घनतेनं भागून आकारमान काढायचं आणि मग बोलायचं. शिवाय टेस्टमधला अ‍ॅल्युमिना मोह्ज ९ चा असतो, तुमच्या जागेवर साधी वाळू असेल तर काच-फिलर सगळ्यांचं वागणं बदलतं, कारण कण समोरच्यापेक्षा मऊ झाला की झीज एकदम घसरते.

आणि आता थोडं मनातलं बोलतो. आपल्याकडे ह्या विषयावर एमटेकचे प्रोजेक्ट ढिगानं होतात आणि त्यातल्या बहुतेकांत टागुची पद्धत (थोड्या ठरावीक प्रयोगांत अनेक घटक तपासायची पद्धत) असते, वेग, कोन, फिलर टक्के, कणाचा साइज असे चार घटक, एल १६ नाहीतर एल २७ चा म्हणजे १६ किंवा २७ प्रयोगांचा तक्ता, आणि शेवटी "ऑप्टिमम" म्हणून कोन इतका, वेग इतका, फिलर इतका. अरे बाबांनो, कोन आणि वेग काय तुमच्या हातात आहे का? वारा किती अंशात येणार ते वारा ठरवतो आणि बेंड ठरवतो. कमीत कमी वेगाला झीज कमीत कमी आली हे कळायला २७ प्रयोग कशाला लागतात. हातात आहे तो फक्त फिलर, रेझिन आणि धागा, मग प्रश्न असा विचारायला हवा की ह्या जागेवर कण ह्या कोनात येणारेत, तिथं कुठली रेसिपी चांगली. टागुचीला दोष नाही, पद्धत चांगली आहे, प्रश्न उलटा विचारला जातो.

प्रत्यक्षात फिलर कुठं जिंकतो त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे थर्मल प्लांटच्या धुरातलं सल्फर काढणाऱ्या एफजीडी युनिटचे पाइप. चुनखडीचं पाणी फिरतं त्यात, आम्लाचा पण त्रास आणि कणांचा पण, स्टील गंजतं आणि साधा एफआरपी झिजतो. तिथं व्हिनाइल एस्टरच्या एफआरपी पाइपाला आतून सिलिकॉन कार्बाइड किंवा अ‍ॅल्युमिना भरलेला जाड थर देतात. सरळ पाइपात कण चाटत जातात, चाटण्याला कडक दाणे भारी, आणि ताकदीचं काम मागचे बिनफिलरचे धागे करतात. म्हणजे फिलर सगळीकडे न घालता जिथं कण लागणार तेवढ्याच थरात घातला, ताकद पण गेली नाही. मला ही रचना फार आवडते.

आणि फिलर जिथं उत्तर नाही ते उदाहरण म्हणजे पवनचक्कीच्या पात्याची पुढची धार. पात्याचं टोक सेकंदाला ८० ते ९० मीटर वेगानं फिरतं, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, आणि त्या वेगानं पावसाचा थेंब समोरून आदळला की क्षणभर जो दाब तयार होतो तो पाण्याची घनता गुणिले पाण्यातला आवाजाचा वेग गुणिले आदळण्याचा वेग असा काढतात, ९० मीटरला तो १३० मेगापास्कलच्या घरात जातो, चौरस सेंटीमीटरला साधारण १३०० किलो. तेही एकदा नाही, लाखो वेळा. डेन्मार्कच्या समुद्रात आन्होल्टला १११ टर्बाइनचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि जेमतेम पाच वर्षांत पात्यांच्या धारा दुरुस्त करायची वेळ आली. धार खडबडीत झाली की हवा नीट चिकटून वाहत नाही आणि वर्षाच्या युनिटमध्ये काही टक्क्यांची गळती लागते.

इथं कडक जेलकोट (वरचा रेझिनचा लेप), कडक फिलर ह्यांनी फार साधत नाही कारण मार समोरून आहे, तडे जातात. चालतं ते मऊ, रबरासारखं पॉलियुरेथेन, कोटिंग म्हणून नाहीतर टेप म्हणून. हेलिकॉप्टरच्या पंख्यांत मात्र टोकाचा वेग २०० मीटरच्या वर, तिथं पुढच्या धारेवर टायटॅनियम किंवा निकेलची पट्टी असते, ती पावसाला पुरून उरते पण वाळवंटात वाळू तिला खाते, हे १९९१ च्या आखाती युद्धात सगळ्यांनी बघितलं. पॉलियुरेथेनचं त्या वेगाला उलटं, वाळू झेलतं आणि पावसात फाटतं. म्हणजे एकच धार, एकच वेग, पण आदळणारी गोष्ट बदलली की विजेता बदलला.

डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अजून एक मार्ग मांडला, मटेरियलच्या नादी न लागता जोरदार पावसाच्या तेवढ्या थोड्या तासांत पाती हळू फिरवायची, वेगाचा घातांक इतका मोठा आहे की थोडा वेग कमी केला तरी धारेचं आयुष्य बरंच वाढतं, आणि बुडालेले युनिट दुरुस्तीच्या खर्चापुढे किरकोळ. युरोपात ते जमेल. आपल्याकडे साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर, वर्षाची निम्म्याहून जास्त वीज त्याच महिन्यांत निघते आणि कोयनेचा पाऊस पण त्याच महिन्यांत कोसळतो, तेव्हा चक्की हळू करा असं तिथल्या मालकाला सांगायला गेलं तर तो आधी कॅल्क्युलेटर काढेल, आणि ते बरोबरच आहे.